मागे उरणारे

“कुत्रं पाळशील तर शेवटपर्यंत सांभाळ,” असं अनसूयाबाईंना आईने लहानपणीच बजावलं होतं. त्यांनी पाच कुत्री सांभाळली आणि पाचांच्याही तोंडात शेवटचं पाणी स्वतःच्या हाताने घातलं. मग कुत्र्यांचं आयुष्य वाढवणारी लस निघाली आणि कुत्री पन्नास पन्नास वर्षं जगू लागली. आता माणसंच आधी जात, कुत्री मागे उरत.

शेजारचे ताम्हनकर गेले, आणि त्यांचा एकतीस वर्षांचा कुत्रा गुंड्या प्राण्यांच्या आश्रमात चार दिवस अन्नाला शिवला नव्हता.

“आणू या त्याला,” अनसूयाबाई म्हणाल्या.

“आत्या, तू अठ्ठ्याहत्तरची. त्याची अजून वीस वर्षं आहेत,” भाची रेवती म्हणाली.

“म्हणून तर विचारते. माझ्यामागे तू बघशील?”



“बघेन. पण तुझे गुरुवारचे उपास मला नाही जमायचे हं.”

“उपासाला तो आहे की! चार दिवस झाले.”

रेवती खुदकन हसली. दत्ताला नैवेद्य दाखवून अनसूयाबाईंनी दहीभाताचा डबा भरला आणि त्या चपला शोधू लागल्या. रेवतीने डबा हळूच त्यांच्या हातातून घेतला.

“तू बस. त्याला आजपासूनच माझ्या हाताची सवय होऊ दे.”

आणि दार अलगद ओढून घेऊन ती निघाली.