अ वाड

"सोड तो दोर," कोलमन गुरगुरला.

सोरखाने खुंट्याला आणखी एक वेढा दिला. धक्क्यावर गाव जमलं होतं. सख्ख्या भावंडांचं भांडण फुकटात बघायला मिळत असेल तर आमचं गाव हातातली मासळी टाकून येतं. बापाच्या थडग्याची माती अजून बसली नव्हती आणि हा लंडनवाला भाऊ इंग्रज गिऱ्हाईक घेऊन बोट विकायला उभा! बाप अंथरुणाला खिळल्यापासून याच बोटीवर शेवंडं धरून या बहिणीने घर चालवलं होतं.

"बोट पुरुषाची असते," कोलमन म्हणाला. "आपला आयरिश 'बाड' शब्दसुद्धा पुल्लिंगी आहे."

"मग शब्द पुल्लिंगी असून तिला 'ती' कशाला म्हणतोस? शब्द इंग्रजांच्या 'बोट'वरून आलाय, म्हणून बोटही त्यांच्याच घशात घालणार?"

लोक खो-खो हसले. कोलमन लालबुंद झाला.

"बाबाच म्हणाले मला, शेवटच्या संध्याकाळी. 'अ वाड' म्हणाले. आईशप्पथ!"

हसणं थांबलं. आयरिशमध्ये 'त्याची' आणि 'तिची', दोन्हींना नुसता 'अ'. मालक कोण, ते पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर सांगतं. 'अ बाड' म्हणजे तिची बोट. 'अ वाड' म्हणजे त्याची. आणि कोलमन शिष्ट होता, उर्मट होता, पण खोटारडा नव्हता. सोरखाच्या हातातला दोर सैल पडला.

"खोलीत आणखी कोण होतं?" तिने विचारलं.

"कुणी नाही. मी आणि बाबा. तू समुद्रावर होतीस."

"मग तुझ्या तोंडावर 'तुझी' म्हणायचं सोडून 'त्याची' कशाला म्हणतील?"

"भ्रमात होते. नंतर नुसतं 'वान्य, वान्य' करत राहिले. मला काही कळलं नाही. तसेच गेले."

सोरखा त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"'बान्य' रे, मेल्या! दूध मागत होते! झटका आल्यापासून त्यांचे ओठच मिटत नव्हते. 'ब' म्हणायला गेले की 'व' निघायचा."

कोलमनने ओठ उघडे ठेवून काहीतरी पुटपुटून पाहिलं. मग ओठ मिटून तेच पुन्हा म्हणाला. गिऱ्हाईक त्याची बाही ओढून काय झालं ते विचारत होतं.

"बोट तिची आहे," कोलमन म्हणाला. "आणि दूध माझ्या हाताशीच होतं."