आडोसा

धाकट्या भावाला गेम खेळायला मोठा मॉनिटर हवा होता आणि तिला घरून ऑफिसचं काम करायला. दोघांत मिळून एकच घ्यायचा असं ठरलं. दुकानात भाऊ एकेका स्क्रीनचे रंग आणि वेग तपासत बसला. ती मात्र सगळ्यात रुंद, कडा आत वळलेल्या मॉनिटरसमोर खुर्ची ओढून बसली आणि त्याला म्हणाली, "तू मागच्या स्टुलावर जाऊन बस."

"ताई, चित्र पुढच्या बाजूनं दिसतं."

"बस तर खरं. तिथून माझा चेहरा दिसतो का?"

"नाही. कपाळसुद्धा नाही."

"मग हाच."

भाऊ स्टुलावरून उठून पैसे द्यायला गेला. डॉक्टरांनी बाबांना घरी न्यायला सांगितल्यापासून त्यांचा पलंग तिच्या टेबलासमोरच होता. आता करण्यासारखं काही उरलं नाही, हे दोघांनी त्यांना सांगितलं नव्हतं. पण बाबा दिवसभर तिचा चेहरा न्याहाळत पडून असायचे, आणि त्यावर हसू टिकवून धरणं तिला जड जाऊ लागलं होतं.

संध्याकाळी मॉनिटर टेबलावर लागला. त्याच्याआड बसून कितीतरी दिवसांनी तिनं डोळ्यांतलं पाणी वाहू दिलं, अजिबात आवाज न करता.

थोड्या वेळानं पलंगावरून बाबा म्हणाले, "बरं झालं गं, एवढा मोठा आणलास. दिवसभर हसतमुख राहून मीही दमलो होतो."