रडणारी भट्टी

“आज पुन्हा रडली, साहेब,” पहारेकरी जुमाबेक म्हणाला. “पहाटेपासून चाललंय. बागेत फिरायला आलेली माणसंसुद्धा थबकत होती.”

संचालक दौलेतखानने नेहमीसारखं त्याच्या तोंडाकडे रोखून पाहिलं. “ऐकलं मी. भट्टीवाल्या उस्ताला बोलाव.”

अल्माटीच्या त्या बागेतली लाकडी हवेली, जिथे आता संग्रहालय होतं, ती एका व्यापाऱ्याने बांधली होती. ओंडक्यात ओंडका गुंतवून, एकही खिळा न मारता. म्हणूनच ती भूकंपात उभी राहिली. दिवाणखान्यात खोली ऊबदार ठेवणारी, छताला भिडलेली निळ्या फरशांची भट्टी होती. तीच बघायला उद्या राजधानीतून मंडळी येणार होती. मंडळी खूश झाली, की दौलेतखानची राजधानीत बढती पक्की होती.

ती भट्टी बांधणाऱ्या कारागिराला व्यापाऱ्याने चाबकाने मारलं होतं म्हणे. जाताना त्याने धुराड्यात बाटलीची मान चिणून ठेवली. डोंगराचा वारा सुटला की घर बाईसारखं रडायचं. शेवटी व्यापारी हवेली सोडून गेला. हनिपा पाहुण्यांना ही गोष्ट रंगवून सांगायची.

हनिपा म्हणजे भट्ट्या दुरुस्त करणाऱ्या तुर्सुन उस्ताची बायको. दोघं हवेलीमागच्या खोलीत राहायची. एकदा एका पाहुणीने विचारलं, भूकंपात हवेली टिकली कशी? दौलेतखानने फरशा कुठून आणल्या ते सांगितलं. पाहुणी गोंधळली. हनिपाने खरं उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी तिची नोकरी गेली, खोलीही गेली. ऐन थंडी होती. पुढचा वसंत काही तिने पाहिला नाही.

तुर्सुन आला, तो खांद्याला हत्यारांची पिशवी आणि टोपी हातात घेऊन दारातच थांबला.

“शेवटची दुरुस्ती तूच केलीस,” दौलेतखान म्हणाला. “बायकोचा सूड उगवतोस काय? कुठे आहे बाटली?”

“कसली बाटली, साहेब?” तुर्सुनने एकदम मान वर केली. “या अल्ला! बघा, सुरू झाली. अंगावर काटा येतो.”

जुमाबेकने कानांवर हात ठेवले.

“ऐकतोय मी! बहिरा नाही!” दौलेतखान ओरडला. “उद्या अशी रडली तर नाक कापलं जाईल माझं. फोड ती.”

“माझा हात उठायचा नाही. या फरशा हनिपा रोज पुसायची. एक जरी फुटली तर तशी परत मिळणार नाही, साहेब. घडवणारे मातीत गेले. आणि राजधानीची माणसं तुम्हाला विचारतील, मला नाही.”

“मग सांग, कुठल्या फरशीमागे आहे?”

“मी काहीच घातलेलं नाही.”

“खोटारडा थेरडा! आण इकडे तो हातोडा.”

पहिली फरशी फुटली तेव्हा तुर्सुनने डोळे मिटले. मग दुसरी फुटली, मग आख्खी ओळ. मागे नुसत्या विटा आणि काजळी. दौलेतखान वर वर चढत गेला. स्टूल घेतलं, कोट काढला. बुटांखाली निळा चुरा झाला.

एकदा तो दमून थांबला. भट्टीकडे तोंड करून धापा टाकू लागला. दिवाणखान्यात सगळं शांत झालं. तुर्सुन पुढे आला आणि त्याच्या पाठीमागे, हातभर अंतरावर उभा राहिला.

“दौलेतखान,” तो खणखणीत आवाजात म्हणाला, “ही भट्टी कधी रडलीच नाही.”

दौलेतखानने बाहीने घाम पुसला आणि पुढच्या फरशीवर हातोडा घातला.