साखरपुड्याचा ब्लाउज

काजलची सोयरीक जुळली त्या सालची गोष्ट. होणाऱ्या सासूने, कौसाबाईंनी, साखरपुड्याचा ब्लाउज अंदाजानेच शिवून धाडला. तो काजलच्या दंडात अडकला. पण सासरच्या मापाला नाव कसं ठेवायचं, म्हणून ती गुपचूप वजन उतरवायची पावडर पिऊ लागली. ब्लाउज अंगात बसला, पण छाती धडधडू लागली, केस गळू लागले. कौसाबाई भेटायला आल्या, त्यांना पाणी देतानाच ती कोसळली. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी पावडर बंद केली. "आणखी महिनाभर घेतली असती, तर जिवावर बेतलं असतं." काजलने रडत खरं कारण सांगितलं. कौसाबाईंनी घरी येताच ब्लाउजाच्या शिवणी उसवल्या. "मापात मी चुकली अन् वाळून तू राह्यली वं! आधी जेव, माप मंग घेतो." काजल हसली. लग्नानंतर सासू-सून कायम एकाच ताटात जेवल्या. कौसाबाई यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी वारल्या.