शेवटच्या फेरीची गाडी

"काकू, तुम्ही अजून घरीच? चला, गाडी दारात उभी आहे," शिंपी म्हणाला.

म्हातारी दारात खुर्ची टाकून बसली होती. अंगावर ठेवणीतली शाल, केस चापूनचोपून बसवलेले, डाव्या हाताच्या बोटाला पांढरं फडकं.

"तुझी गाडी दुसऱ्यांना दाखव," ती म्हणाली. "माझ्यामुळे तुमचं काही अडायचं नाही."

"असं कसं? काकांनी या गावात पक्ष उभा केला. तुम्हीच घरी बसलात तर लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणायला काहीतरी लागतंच." शिंप्याची नजर बोटाकडे गेली, तसा तिने हात शालीत घेतला. "कांदा चिरताना लागलं. जा आता, उन्हात उभा राहू नकोस."

शिंपी मान हलवत गेला. त्याचंही खरं होतं. गावात मतदान नेहमीच कमी. तरणी माणसं कामाला बाहेर, उरलेल्यांना कंटाळा. मागच्या खेपेला त्यांचा जुना पक्ष हरता हरता वाचला होता. म्हणून यंदा दोन्ही पक्ष एकेका मतासाठी दारोदार फिरत होते. आजाऱ्याला खाटेवरून उचलून नेत होते, बरं आहे का एवढं मात्र कुणी विचारत नव्हतं.

नव्या पक्षाची गाडी एकच. ती म्हातारीचा मुलगा चालवायचा.

त्याने नव्या पक्षाचा झेंडा हातात घेतला त्या दिवशी ती म्हणाली होती, "बापाचा पक्ष सोडलास, आता बापाचं घरही सोड." बोलायला काय, नुसती जीभ लागते. पोरगंही बापावर गेलेलं. बाजाराजवळ खोली घेतली, ते पुन्हा या दाराकडे फिरकलं नाही. गेल्या निवडणुकीपासूनची ही गोष्ट. रस्त्यात समोर आला की ती दुसरीकडे बघायची, आणि पुढे गेला की त्याच्या पाठीकडे.

बोलवायचं तर मान खाली घालावी लागणार. ते तिला कधी जमलं नव्हतं. म्हणून काल तिने शेजारणीला कुंपणापाशी गाठलं. शेजारीण नव्या पक्षाची.

"तुमच्या लोकांना सांग, म्हातारीचं मन बदललंय. पण गाडी घरी यायला हवी. गुडघे धरलेत."

"अगं बाई! काकू, काका फोटोतून खाली उतरतील!"

"उतरू दे. बरेच दिवस झाले भेटून. आणि गाडी दुपारनंतर पाठवा म्हणावं. सकाळी मला कामं असतात."

गाडी आली तेव्हा उन्हं कलली होती. त्याने हॉर्न वाजवला नाही. उतरून दारापर्यंत आला आणि थांबला.

"चल," म्हणाला. पुढे हाक नाही.

"बारीक झालास."

"गाडी चालवून कोण जाड होतं?"

"पाणी पी आधी."

"वेळ कमी आहे. तासाभरात मतदान बंद होईल." पण तो आत आला. त्याचा पेला टेबलावर घासूनपुसून भरून ठेवलेला होता. त्याने उभ्यानेच पाणी प्यायलं. बापाच्या फोटोकडे बघितलं, मग दाराच्या कडीकडे.

"ही कडी मी बसवलेली."

"वाकडी बसवलीस. सुतार बदलतो म्हणाला, मी हात लावू दिला नाही."

त्याचा फोन वाजला. "कुठे अडकलास? तळ्याकडची घरं राहिलीत, आण पटकन!" पलीकडचा माणूस इतका ओरडला की तिलाही ऐकू गेलं.

"येतो," म्हणून त्याने फोन बंद केला. तिच्या चपला दाराशी चिखलाने माखून पडल्या होत्या. त्याने त्या उचलून पायरीवर आपटल्या आणि तिच्या पायांपाशी सरळ ठेवल्या.

गाडीत त्याने तिला पुढे बसवलं, पट्टा लावून दिला. फडक्याकडे त्याची नजर गेली आणि तशीच पुढे गेली. बोटाला काय झालं, त्याने विचारलं नाही. ते मात्र तिला लागलं. लहानपणी याला नुसतं खरचटलं तरी ती फुंकर घालत बसायची.

मतदान शाळेत होतं. शाळा जवळच, तरी त्याने गाडी कालव्याच्या रस्त्याला घातली.

"इकडून कशाला?"

"तिकडे गर्दी आहे."

मतदानाला या गावात गर्दी झाली असती तर दोन्ही पक्ष गळ्यात गळे घालून नाचले असते. पण रस्ता लांबचा होता, तेवढं तिला पुरे होतं.

"जेवतोस कुठे?"

"खोलीवर. भात करतो. जळतो."

"पाणी कमी घालत असशील."

"तू सांगितलं असतंस तर जास्त घातलं असतं."

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

कालव्याचं पाणी गाडीबरोबर चाललं होतं. हा रस्ता आज संपूच नये, असं तिला वाटलं. फोन पुन्हा वाजला. त्याने तो न बघताच बंद केला.

वळणावर शाळेचं छप्पर दिसलं. फाटकापाशी काय सांगायचं, ते तिने ठरवून ठेवलं होतं. आता त्यातला एक शब्द आठवेना. उतरलं की हा जाणार. मग पुढची निवडणूक कुणी पाहिली?

तिने बोटावरचं फडकं घट्ट धरलं.

फाटक आलं आणि मागे गेलं.

"अरे, शाळा गेली!"

"गेली."

"मतदान बंद होईल ना!"

"होऊ दे." गाडी पुन्हा कालव्याकडे वळली. "फडकं सोड आता, आई. सकाळी तू मत देऊन फाटकाबाहेर आलीस आणि शाई वाळावी म्हणून बोटावर फुंकर घालत उभी राहिलीस, तेव्हा मी समोरच गाडीत बसलो होतो."