जाड गालिचा

दुकानदाराने आठवा गालिचा उलगडला आणि तळहाताने त्याची लव एका दिशेला सारखी केली. "हा बघा, ताई, मोरपंखी. तुमच्या राखाडी भिंतींना असंच काहीतरी हवं. राखाडीवर राखाडी टाकलं ना, की हॉल आजारी माणसासारखा दिसतो."

तिने पिशवीतून उशीचा अभ्रा काढला आणि गालिच्याच्या काठाला लावून पाहिला. जुळत होता. भिंती आता राखाडी होत्या, सोफा गडद निळा, पडदे पांढरे. आधीच्या पिवळ्या भिंतींवर कमरेच्या उंचीपर्यंत रंगीत खडूच्या रेघोट्या होत्या. नवऱ्याने रंगारी बोलावले तो अख्खा दिवस तिने घराबाहेर काढला होता. आठ महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि त्यांची सहा वर्षांची चिमणी चार दिवसांत गेली.

"घरात लहान मूल आहे का?" दुकानदाराने विचारलं. "असेल तर फिका रंग नको."

"नाही," नवरा म्हणाला.

"आहे," ती त्याच वेळी बोलून गेली.

दुकानदाराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. उभा जन्म गिऱ्हाइकं बघण्यात गेलेला माणूस. त्याने मोरपंखी गालिच्याची लव पुन्हा सारखी केली. नवऱ्याने गालिच्याचा कोपरा उचलून चिमटीत धरला.

"याहून जाड काय आहे?"

तिला नवल वाटलं. स्वतःचा शर्ट निवडायचा ज्याला कंटाळा, तो आज आपणहून तिला रजा घ्यायला लावून घेऊन आला होता. आणि मघापासून एकाही गालिच्याचा रंग त्याने धड पाहिला नव्हता. नुसती जाडी चाचपत होता.

"जाड म्हणजे पायाला मऊ लागायला, की आवाज दाबायला?" दुकानदाराने विचारलं.

"आवाज दाबायला."

"बघतो, आत आहे एक," म्हणत दुकानदार मागच्या खोलीत गेला.

"कसला आवाज?" तिने विचारलं.

त्याने खिशातून मोजपट्टी काढली, थोडी ओढली, पुन्हा मिटली. "खालचे आजोबा जिन्यात भेटले होते. मंगळवारी." आजोबा दोनच महिन्यांपूर्वी खालच्या घरात राहायला आले होते. एकटेच. "म्हणाले, राग मानू नका, पण तुमची मुलगी रोज साडेपाचला दारापासून खिडकीपर्यंत पळत जाते, बरोबर माझ्या डोक्यावरून. तिला ओरडू नका म्हणाले, फक्त एखादा जाड गालिचा टाका."

ती शेजारच्या गुंडाळीवर बसली.

साडेपाचला त्याची गाडी फाटकातून आत यायची. हॉर्न ऐकला की चिमणी हातातलं टाकून खिडकीकडे धावत सुटायची. आता त्या वेळी घरात कुणीच नसे. तिने लॅबमध्ये संध्याकाळची पाळी मागून घेतली होती, आणि तो सातपर्यंत खाली गाडीतच बसून राहायचा. शेजारणीने तिला तसं सांगितलं होतं. तिने ते मनातच ठेवलं होतं.

"मग तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"तोंडापर्यंत आलं होतं." त्याने मोजपट्टी मुठीत घट्ट धरली. "पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे तिची तक्रार करत होतं गं. मी म्हटलं, सांगतो तिला."

दुकानदार खांद्यावर भली मोठी गुंडाळी घेऊन आला आणि त्याने ती दोघांच्या पायाशी सोडली. "हा घ्या. यावर घोडा नाचला तरी खाली पत्ता लागणार नाही."

गालिचा सुरेख होता. राखाडीत मिसळलेला निळा, काठाला मोरपंखी झाक. तिच्या हातातला अभ्रा त्यातूनच कापून काढल्यासारखा वाटत होता. ती वाकली आणि बोटांच्या पेरांनी तिने त्यावर टकटक केलं. काहीही ऐकू आलं नाही. तिने जोरात मूठ आपटली. तरीही नाही.

"नको," ती म्हणाली.

"का हो ताई? रंग पसंत नाही?"

"रंग अगदी हवा तसाच आहे." तिने अभ्रा घडी करून पिशवीत टाकला. मग नवऱ्याला म्हणाली, "चल. पाच वाजायला आलेत. आजोबांकडे जाऊ."

आजोबांना कोण आनंद झाला. त्यांनी खुर्च्यांवरची वर्तमानपत्रं उचलली, पाणी आणून दिलं. "काय, मिळाला का गालिचा?"

"अजून घेतला नाही," ती म्हणाली. "म्हटलं, आधी आवाज केवढा येतो ते ऐकावं."

"ऐका की! पण तसा फार नाही हो. मी आपलं उगाच बोललो. आता तर सवय झालीय. एखाद्या दिवशी नाही पळाली, तर चुकल्यासारखं वाटेल."

तिघंही छताकडे बघत बसले. तिने नवऱ्याचा हात धरला.

साडेपाचला वर दाराशी काहीतरी खाली पडलं. लगेच हलकी, अनवाणी पावलं त्यांच्या डोक्यावरून भराभर गेली आणि खिडकीपाशी थांबली. नवऱ्याने तिची बोटं इतकी आवळली की कळ आली. तिने ती सोडवून घेतली नाही.

"ऐकलंत?" आजोबा कौतुकाने हसले. मग त्यांची नजर छतावरून खाली आली, एकदा तिच्यावर, एकदा त्याच्यावर थांबली, आणि चेहऱ्यावरचं हसू विरलं.

"अहो, पण तुम्ही दोघंही इथे," ते म्हणाले. "मग वर पोरीजवळ कोण आहे?"