सैल चिमटे

आजारानं मुलीच्या हातातला जोर ओसरत चालला होता. डॉक्टरांनी सांगूनही आईला ते पटत नव्हतं. दोरीवर कपड्यांचे चिमटे लावणं हा मुलीचा व्यायाम. पोर हिरमुसू नये म्हणून थेरपिस्ट ताई दरवेळी स्प्रिंगा गुपचूप आणखी सैल करून ठेवायच्या. आज सगळे चिमटे लागले. “बघितलंत माझ्या वाघिणीला? आणि डॉक्टर म्हणतात, आशा सोडा!” आई नवऱ्याला फोन करायला बाहेर धावली. मुलगी हळूच म्हणाली, “ताई, पुढच्या वेळी अजून सैल करा हं.” ताई चपापल्या. “तुला कळलं होतं?” “घरचे चिमटे उघडतच नाहीत ना! म्हणून सगळे पलंगाखाली टाकलेत. आईला वाटतं, तिनंच हरवले. तिला सांगू नका. हल्ली ती पोटभर जेवते.” ताईंनी “बरं” म्हणत चिमटा हातात घेतला. याहून सैल केला, तर तो दोरीवर टिकणारच नव्हता.